आधी वारा, मग सूर

सेलू तालुक्यातल्या एखाद्या भजनी मंडळाची पेटी बिघडली की तक्रार सहसा चार तऱ्हांनी येते. ‘पेटी हवा धरत नाही.’ ‘एक सूर आपोआप वाजून राह्यला.’ ‘काळी दोन मुकी झाली.’ आणि सगळ्यात मोघम, म्हणून सगळ्यात अवघड तक्रार: ‘पेटी रडून राह्यली.’ तक्रार कोणतीही असो, निदान मात्र ठरलेलं असतं. सूर गेले, सूर बदला.

बहुतेक वेळा हे निदान चुकतं. पेटीतले पितळी सूर तिच्यातल्या सर्वांत टिकाऊ वस्तूंपैकी आहेत. साठ-सत्तर वर्षं वाजलेले सूर आजही खणखणीत बोलताना आढळतात. झिजतं ते त्यांच्या भोवतीचं मऊ सामान: चामडं, कापड, पुठ्ठा, फेल्ट, कमानी. हे सामान सुरांपर्यंत वारा पोचवतं आणि नको तिथे तो अडवून धरतं. म्हणून पेटी उघडणाऱ्याने सुरांना हात लावण्याआधी वाऱ्याचा माग काढायचा असतो. हा एक नियम पाळला तर निम्म्याहून जास्त दुरुस्त्या कानस न उचलताच पार पडतात.

पियानो नाही, पेटी

सेलू हे वर्धा-नागपूर रस्त्यावरचं तालुक्याचं ठिकाण. केळझरचा गणपती, हिंगणी, बोर धरण आणि सिंदी रेल्वे याच तालुक्यात येतात. हा मुलूख कापसाचा आणि भजनाचा. इथे कुणाकडे पियानो आहे का, असं विचारलं तर लोक हसतील. पण पेटी कुणाकडे आहे हे विचारलं तर देवळाचं, मंडळाचं किंवा एखाद्या गुरुजींच्या घराचं नाव लगेच सांगतील.

दोन्ही वाद्यांना पट्ट्या असतात, तरी ती झिजतात वेगवेगळ्या तऱ्हेने. पियानो हे मार खाणारं वाद्य आहे. ८८ पट्ट्यांच्या मागे फेल्टने मढवलेले हातोडे असतात आणि ते दोनशेहून जास्त पोलादी तारांवर आदळतात. या तारांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो, म्हणून आत बिडाची भक्कम चौकट लागते. हातोड्याचं फेल्ट तारांवर आपटून कडक होतं, त्याला खाचा पडतात आणि आवाज पत्र्यासारखा होत जातो. मग कारागीर फेल्ट घासून आकारात आणतो, सुया टोचून मऊ करतो, अगदीच गेलं असेल तर हातोडे बदलतो. तारा वर्षभरात उतरतात, त्या पुन्हा चढवाव्या लागतात. मुंबईच्या दमट हवेत पियानो राखणं हे नेहमीचंच काम होऊन बसतं.

पेटी मार खात नाही, ती श्वास घेते. म्हणून तिचे आजारही श्वासाचे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेन याने १८४० साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास त्याला भारतीय बैठकीला साजेसं रूप दिलं. पाय गेले, भाता मागच्या बाजूला आला, एका हाताने तो हलवायचा आणि दुसऱ्याने वाजवायचं. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या, गातागाता वाजवणाऱ्या माणसाची सोय झाली. कीर्तन, नाटक, तमाशा, भजन असं करत पेटी महाराष्ट्रभर पसरली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी तिला एकल वादनाचा मान मिळवून दिला, तर नागपूरच्या मनोहर चिमोटे यांनी तिच्यात फेरफार करून तिला ‘संवादिनी’ म्हणून मांडलं. विदर्भातल्या खेड्यांत मात्र पेटीला घर मिळालं ते सामुदायिक प्रार्थनेमुळे आणि भजनांमुळे. तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरी असायची. त्यांच्या मागे गावोगाव उभ्या राहिलेल्या गुरुदेव सेवा मंडळांत खंजिरीच्या शेजारी पेटी आली आणि तिथेच राहिली.

मंडळाची पेटी म्हणजे सार्वजनिक पेटी. ती दहा जण वाजवतात, तिची निगा कुणा एकाच्या गळ्यात नसते. सप्ताहाला ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाते, काकड्याच्या थंडीत पहाटे उघडते आणि उरलेले महिने देवळाच्या कोपऱ्यात किंवा कवेलूच्या घरात कापडाखाली पडून असते. सुरांपेक्षा आतल्या मऊ सामानाची जास्त झीज का होते, हे यावरून कळेल.

वाऱ्याचा रस्ता

पेटीचं झाकण काढून पट्ट्यांची चौकट उचलण्याआधी वारा कुठून कुठे जातो ते नीट समजून घ्यायला हवं.

हाताने हलवतो तो बाहेरचा भाता. त्याच्या पाठीला भोकं असतात आणि त्यांवर आतून चामड्याच्या झडपा. भाता उघडला की झडपा उचलल्या जातात, बाहेरची हवा आत येते. भाता दाबला की त्या भोकांवर चिकटून बसतात आणि हवेला मागे जाता येत नाही. ती दुसऱ्या झडपांतून पेटीच्या तळाशी असलेल्या आतल्या भात्यात शिरते. हा दुसरा भाता कमानींच्या दाबाखाली असतो. बाहेरचा भाता हात परत उघडत असताना आतला भाता साठवलेली हवा पुढे ढकलत राहतो, म्हणून सूर तुटत नाही.

तिथून वारा समोरच्या खुंट्यांकडे येतो. खुंटी ओढली की सुरांच्या खणात शिरायची वाट मोकळी होते. खणाच्या छताला, म्हणजे सुरांच्या फळीला, खालच्या बाजूने सूर स्क्रूंनी बसवलेले असतात. प्रत्येक सुरावर फळीला भोक असतं आणि ते भोक वरून पट्टीच्या मागच्या टोकाने बंद केलेलं असतं. त्या टोकाखाली फेल्ट आणि त्यावर मऊ चामडं लावलेलं असतं, वरून कमान दाबून धरते. आपण पट्टीचं पुढचं टोक खाली दाबतो तेव्हा मागचं टोक उचललं जातं, भोक उघडतं आणि वारा सुरातून वर निसटतो. तो निसटताना जे होतं तोच आवाज.

सूर म्हणजे पितळी चौकट आणि तिच्यावर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पितळेची पातळ पाती. पातीखाली चौकटीला तिच्याच आकाराची खाच असते. पाती खाचेत मोकळी ये-जा करते, पण कडेला अंतर कागदाच्या जाडीहूनही कमी असतं. वारा पातीला खाचेत ओढतो, वाट अडते, पाती आपल्या ताठपणाने परत उसळते, वाट उघडते. सेकंदाला शेकडो वेळा हे घडतं. पाती किती जलद हलेल ते तिच्या लांबी-जाडीवर ठरतं. जाडी तीच ठेवून पातीची लांबी निम्मी केली तर कंपनं चौपट होतात. म्हणूनच खर्जाच्या पात्या लांब आणि तारसप्तकाच्या इवल्याशा असतात.

तीन सप्तकांच्या पेटीत ३७ पट्ट्या असतात, साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२. प्रत्येक पट्टीला एकच सूर असेल तर ती एकेरी पेटी. खर्ज (खालचा) आणि नर (मधला) अशी, किंवा नर आणि मादी (वरचा) अशी जोडी असेल तर दुहेरी. ४२ पट्ट्यांच्या दुहेरी पेटीत ८४ सूर येतात. एवढ्या सुरांपैकी एखादाच गप्प झाला तर दोष त्या सुराच्या आसपास असण्याची शक्यता मोठी. पण सगळीच पेटी रडत असेल, तर ८४ पात्या एकाच वेळी बिघडल्या असं मानण्यात काही अर्थ नाही. बिघडलाय तो सगळ्यांचा मिळून असलेला वारा.

गळती शोधणं

पहिली तपासणी सगळ्या खुंट्या बंद ठेवून करायची. भाता चारपाच वेळा मारून आतला भाता भरायचा आणि मग बाहेरचा भाता दाबून धरायचा. पेटी धडधाकट असेल तर हाताला घट्ट अडवणूक जाणवते, भाता पुढे सरकत नाही. तो हळूहळू बसत गेला तर गळती भात्यांत, झडपांत किंवा पेटीच्या सांध्यांत आहे.

दुसऱ्या तपासणीत खुंट्या उघडायच्या, पण पट्टी एकही दाबायची नाही. आधी टिकलेली हवा आता निसटू लागली, तर गळती खुंट्यांच्या पुढे आहे: पट्ट्यांखालचं चामडं नीट बसत नाही, किंवा सुरांची फळी आणि खण यांच्यामधला अस्तराचा पट्टा दबून गेला आहे. ही दुसरी जागा फार लोक विसरतात. फळीचे स्क्रू उन्हाळ्यात लाकूड आकसल्याने ढिले होतात आणि नुसते सारख्या जोराने आवळले तरी पेटीचा श्वास परत येतो.

नेमकं भोक कुठे आहे हे सांगायला अगरबत्ती पुरते. भाता भरून सांध्यासांध्याजवळून पेटती काडी थोडं अंतर राखून न्यायची. जिथे सरळ चाललेला धूर एकदम आडवा पळतो, तिथे वारा गळतो आहे. भाता सुटा केला असेल तर अंधाऱ्या खोलीत त्याच्या आत टॉर्च ठेवायची. सुईच्या टोकाएवढी भोकंही चमकतात.

भाता गळत नाही, पण पंख्यासारखा भराभरा मारावा लागतो आणि आतून फडफड ऐकू येते, अशी अवस्था असेल तर झडपांकडे पाहायचं. चामडं सुकून कडेने वळलेलं असतं, हवा आत येते तशीच परत जाते. झडप कडक चामड्याची चालत नाही. ती स्वतःच्या वजनाने पडेल आणि फुंकरीने उचलली जाईल इतकी मऊ हवी. सूर प्रत्येक भात्यागणिक दचकत असेल, हात बदलला की आवाज खाली पडत असेल, तर आतल्या भात्याच्या कमानी थकल्या आहेत किंवा एखादी जागची सरकली आहे.

भात्याचा कोपरा

भाता फाटतो तो नेहमी कोपऱ्यात. सरळ घडीला पुठ्ठ्याचा आधार असतो. कोपऱ्यात मात्र चामडं तीन दिशांनी दुमडतं आणि प्रत्येक वेळी त्याच रेषेवर दुमडतं. पेटी वर्षभर पडून राहिली की चामडं वाळतं आणि पुढच्या सप्ताहात पहिल्याच जोमदार भात्याला त्या रेषेवर चीर जाते.

घाईतला इलाज म्हणजे वरून चिकटपट्टी. एखादी रात्र निभावते, पण तिचा चिकटा चामड्यात मुरतो आणि नंतर त्यावर काहीच धरत नाही. रीतसर काम असं होतं. फाटलेला तुकडा कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने भिजवून सोडवायचा, जुना सरस पुसून घ्यायचा. मेंढीचं किंवा बकरीचं पातळ चामडं कोपऱ्याच्या मापाने, चारी बाजूंनी बोटभर जास्त कापायचं. मग रापीने त्याच्या कडा आतून तासून जवळजवळ कागदाएवढ्या पातळ करायच्या. सायकलच्या ट्यूबवर ठिगळ लावताना कडा घासून बसवतात, तसंच हे. कड जाड राहिली तर भाता मिटताना तिथेच उचलली जाते.

सरस आधी पाण्यात फुगवून, मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून पातळ करतात. तो उकळू द्यायचा नाही. उकळलेल्या सरसाचा जोर जातो. पातळ थर देऊन चामडं बसवताना भाता अर्धा उघडा ठेवायचा. पूर्ण मिटवून चिकटवलं तर उघडताना ताणून फाटेल, पूर्ण उघडून चिकटवलं तर मिटताना चामड्याचा गोळा होईल. घडीचे कोपरे बोटाने आत दाबून आकार द्यायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही.

इथे प्रश्न येतो तो फेविकॉलचा. लाकडाला लाकूड जोडायला तो उत्तम, आणि म्हणूनच पेटीच्या आत सरसकट वापरू नये. सरस कोमट पाण्याने सुटतो. पुढच्या खेपेला काम करणाऱ्याला तो चामडं न फाडता काढता येतो. फेविकॉल वाळल्यावर ताठ होतो, घडीवर तडकतो आणि काढायचा म्हटलं तर पुठ्ठ्यासकट निघतो. जो भाग पुन्हा कधीतरी बदलावा लागणार हे ठाऊक आहे, तो सुटेल अशाच पदार्थाने जोडायचा. पियानोचे कारागीरही हातोडे आणि पट्ट्यांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या सरसच वापरत आले, त्यामागेही हाच हिशेब आहे.

आपोआप वाजणारी आणि मुकी पट्टी

पावसाळ्यात सेलूकडच्या पेट्यांचा ठरलेला आजार म्हणजे आपोआप वाजणारा सूर. इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि पावसाळ्यात साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. लाकूड या दोन टोकांमध्ये आकसतं आणि फुगतं, तेही लांबीच्या दिशेने नव्हे तर रुंदीच्या. पट्टी रुंदीला किंचित फुगली की शेजारच्या पट्टीला किंवा वाटेवरच्या खिळ्याला घासते, खाली गेलेली वर येत नाही आणि मागचं भोक उघडंच राहतं. अशा वेळी पट्टीची बाजू लगेच कानशीने घासायची घाई करू नये. तीच पट्टी एप्रिलमध्ये आकसेल आणि मग खुळखुळेल. पेटी दोन दिवस कोरड्या, वाऱ्याच्या खोलीत, उन्हापासून दूर ठेवली तर बहुधा फुगलेली पट्टी आपोआप सुटते. तरीही घासतच असेल तर ज्या जागी चकाकी आली आहे तेवढ्याच जागी बारीक पॉलिश कागद फिरवावा.

पट्टी मोकळी असूनही सूर चालूच असेल तर कमान पाहायची. ती निसटलेली असते, गंजलेली असते किंवा ताण हरवून बसलेली असते. कमान बदलताना शेजारच्या कमानींइतकाच जोर हवा. जास्त ताठ कमान घातली तर गळती थांबेल, पण ती एकच पट्टी बोटाला जड लागेल आणि पेटीवाला तानेच्या मध्ये अडखळेल. कमानही ठीक असेल तर पट्टीच्या मागच्या टोकाखालचं चामडं उलटून बघा. भोकाच्या कडेचा गोल ठसा त्यात खोल उमटलेला दिसेल, किंवा कसरीने फेल्ट खाल्लेलं असेल. पट्टी किंचितही सरकली की तो ठसा भोकावर जुळत नाही आणि वारा निसटतो. असं एका पट्टीचं झालं असेल तर इतरांचंही फार मागे नसतं. तेव्हा सगळ्या पट्ट्यांचं फेल्ट-चामडं एकदमच बदलणं शहाणपणाचं. थर सर्वत्र सारख्या जाडीचा हवा, नाहीतर पट्ट्या एका रेषेत बसत नाहीत.

मुक्या पट्टीची गोष्ट वेगळी. हा दोष इथे हिवाळ्यात वाढतो, कारण तेव्हा घरोघरी कापूस येतो. ओसरीत कापसाचे ढीग, हवेत तंतू, आणि त्याच घरात पेटी. भाता ही हवा ओढून घेतो. एखादा तंतू पाती आणि चौकट यांच्या फटीत अडकला की पाती हलत नाही. पट्टी दाबली तर नुसता ‘फुस्स’ ऐकू येतो. हा ‘फुस्स’ चांगली बातमी आहे: वारा सुरापर्यंत पोचतो आहे, अडचण फक्त पातीत आहे.

फळी उचलून तो सूर शोधायचा. पातळ, ताठ, कोरड्या कागदाची पट्टी पाती आणि चौकट यांच्यामध्ये मुळाकडून टोकाकडे अलगद सरकवायची. तंतू बहुतेक वेळा कागदाबरोबर निघून येतो. मग नखाने पातीचं टोक अगदी किंचित उचलून सोडायचं. स्वच्छ ‘टिंग’ आला की काम झालं. बोटांनी पाती पुसायची नाही, घामातल्या क्षारांनी पितळेवर हिरवा थर येतो. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचा ओलावा तेच करतो. खोबरेल तेलाचा थेंब तर मुळीच नको. दोन दिवस सूर बोलेल आणि मग तेलावर बसलेली धूळ त्याला कायमचा जड करील. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारण्याचा मोहही टाळावा, कारण त्या झोताने खर्जाच्या लांब पात्या वाकतात.

पाती वाकली म्हणजे तिचा उठाव बिघडला. वारा नसताना पातीचं टोक चौकटीच्या किंचित वर उचललेलं असतं. हा उठाव जास्त झाला तर सूर उशिरा बोलतो आणि हवा खातो. कमी झाला तर हळू वाजवताना बोलतो, पण भाता जोरात मारला की पाती खाचेत दबून गप्प होते. एका पट्टीबद्दल ‘हळू वाजते, जोरात नाही वाजत’ अशी तक्रार आली तर तो सूर टाकून देण्याचं कारण नाही. उठाव केसभर वाढवला की तो ताळ्यावर येतो.

खरोखर बदलावा लागणारा सूर एकच: तुटलेला. वर्षानुवर्षं वाकून पितळ मुळाशी थकतं, तिथे डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. असा सूर तुटण्याआधी काही दिवस उतरत जातो. लावला तरी पुन्हा उतरतो. हे लक्षण दिसलं की त्याच्या नादी न लागता नवा सूर मागवावा. गुजरातमधलं पालिताणा हे सूर बनवणाऱ्या कारागिरांचं नावाजलेलं गाव आहे. मागवताना सुराच्या नावाबरोबर चौकटीची लांबी-रुंदी, स्क्रूंमधलं अंतर आणि तो खर्ज, नर की मादी हेही कळवावं लागतं. शक्य असेल तर तुटलेला सूरच नमुना म्हणून द्यावा. मोडीत निघालेल्या जुन्या पेटीतले जर्मन सूर मात्र कुणी भंगारात घालू नयेत. कारागीर ते जपून ठेवतात आणि बदली सुरासाठी वापरतात.

आता कानस

वारा कुठे गळत नाही, पात्या स्वच्छ आहेत, उठाव ठीक आहेत, आणि तरीही पेटी बेसूर वाटते, तेव्हा कुठे सूर लावायची पाळी येते. हा क्रम सोडला तर काय होतं? टोकावर धूळ बसलेली पाती जड होऊन उतरते. कारागिराने धूळ न काढता टोक घासून ती चढवली, तर पुढच्या वर्षी धूळ गेल्यावर तोच सूर चढलेला निघतो. मग मुळाशी घासून तो उतरवायचा. असं दोन-चार वेळा झालं की पाती दोन्हीकडून पातळ होते आणि तुटते. सूर खराब निघाले असं म्हणतात त्यातले कितीतरी असे कानशीने मेलेले असतात.

नियम सोपा आहे. टोकाकडे पितळ खरवडलं की पाती हलकी होते, सूर चढतो. मुळाकडे खरवडलं की तिचा ताठपणा कमी होतो, सूर उतरतो. पातीखाली पातळ पत्र्याचा आधार देऊन, एका वेळी दोन-तीनच हलके हात फिरवायचे आणि ऐकायचं. ऐकताना सूर पेटीतच बसवलेला हवा. हातात धरून वाजवलेला सूर आणि खणात बसवलेला सूर यांत फरक पडतो, आणि भात्याचा दाब वाढला तर खर्जाचे सूर किंचित उतरतातही. म्हणून भजनात जेवढ्या जोराने भाता मारतात तेवढ्याच जोराने मारून तपासायचं.

दुहेरी पेटीत आधी नराची रांग लावतात, मग तिच्याशी दुसरी रांग जुळवतात. दोन सूर एकत्र वाजवल्यावर जी संथ थरथर ऐकू येते ती त्यांच्या कंपनांमधल्या फरकाची. सेकंदाला एकदा थरथरलं तर फरक एका कंपनाचा. थरथर संथ होत होत थांबली की सूर जुळला. मोबाइलवरचं ट्यूनर पहिल्या रांगेला उपयोगी पडतं. दुसरी रांग जुळवायला कानच भरवशाचा.

पहिली रांग कशाला धरून लावायची, यावर मात्र महाराष्ट्रात शंभर वर्षं वाद चालला आहे. आजच्या बहुतेक पेट्यांत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. काळी एकचा षड्ज सेकंदाला सुमारे २७७ कंपनांचा धरला, तर त्याचा गांधार म्हणजे पांढरी चार अशा पेटीत सुमारे ३४९.२ कंपनांवर येतो. तानपुऱ्यातून उमटणारा स्वयंभू गांधार सुमारे ३४६.५ वर असतो. फरक पावणेतीन कंपनांचा, आणि तयार कानाला तो टोचतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला आणि ई. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी घडवून आणली. बडोद्याला १९१६ साली भरलेल्या संगीत परिषदेत ती मांडली गेली आणि तिच्यावर कडाडून टीकाही झाली. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बंदी घातली, ती १९७१ पासून सैल होत गेली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी नव्याने सिद्ध केली.

मंडळाच्या पेटीला हा वाद फार लांबवायची गरज नाही. एकल वादकाची पेटी एका ठरावीक षड्जाला धरून स्वयंभू स्वरांत लावता येते आणि तिथे ती सुरेख बोलते. पण भजनात एक बुवा काळी एकमध्ये गातो, दुसरा काळी दोनमध्ये, आणि महिला मंडळ बसलं की पट्टी आणखी वर जाते. एका षड्जाला लावलेली पेटी तिथे दुसऱ्याच क्षणी कर्कश होईल. मंडळासाठी समान भागांची पेटीच सोयीची.

काय बदलायचं, काय राखायचं

आता पेटीकडे एकत्र पाहिलं तर तिच्या सामानाचे दोन गट पडतात. चामडं, फेल्ट, कापड, पुठ्ठा आणि कमानी हा झिजण्यासाठीच असलेला गट. तो बदलण्यात कसलाही संकोच नको, उलट चालढकल महागात पडते. खोका, सुरांची फळी आणि सूर हा राखायचा गट. फळीला तडा गेला तर ती बुजवता येते, खोक्याला वाळवी लागली तर तेवढा भाग नव्या सागवानाने सांधता येतो. पियानोतही हातोडे, फेल्ट, तारा आणि खुंट्या बदलतात, लाकडी ध्वनिपटल मात्र शक्य तोवर राखतात. जुन्या पेटीचे सूर काढून नव्या चकचकीत पेटीतले घालून देतो असं कुणी म्हणालं, तर आधी वाऱ्याच्या दोन्ही तपासण्या स्वतः करून पाहाव्यात आणि मग उत्तर द्यावं.

रोजच्या निगेला खर्च जवळजवळ नाही. वाजवून झाल्यावर भात्याला कडी लावावी, खुंट्या बंद कराव्यात, म्हणजे धूळ सुरांपर्यंत जात नाही. कापूस घरात असेल तेव्हा पेटी पेटाऱ्यात ठेवावी. उंदरांना चामडं आणि सरस दोन्ही आवडतं, त्यामुळे पेटी जमिनीवर किंवा धान्याच्या पोत्यांशेजारी ठेवू नये. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कापडात बांधून, पट्ट्यांपासून दूर. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पेटी न वाजवता पडू देऊ नये. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं वाजलेल्या पेटीचं चामडं वर्षभर कापडाखाली असलेल्या पेटीपेक्षा जास्त टिकतं.

पेटी उघडण्याची वेळ गणपतीच्या आदल्या आठवड्यात नसावी. तेव्हा लाकूड फुगलेलं असतं, कारागीर घाईत असतो आणि सरस दमट हवेत नीट वाळत नाही. दिवाळीनंतर, काकडा संपला आणि हवा कोरडी झाली की तो काळ उत्तम. त्या वेळी मंडळाने आणखी एक काम करावं. झाकणाच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने साल लिहावं आणि त्यापुढे केलेलं काम: कोणता कोपरा बदलला, झडपा नव्या की जुन्या, कोणत्या सुराला कानस लागली, सरस वापरला की आणखी काही. दहा वर्षांनी पेटी उघडणारा माणूस दुसराच असेल. काळी दोन पुन्हा उतरली तर ती धुळीने उतरली की थकव्याने, हे त्याला या चार ओळींवरून कळेल, आणि तो विनाकारण कानस उचलणार नाही.